देवळालीच्या माळ्यावरची बांबूची फ्लाय रॉड: कपाटात ठेवू की पाण्यावर नेऊ?

दारणाकाठ | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

देवळाली कॅम्पात ओळखीतल्या एका आजींचा जुना बंगला रिकामा होतोय. सामान हलवायला चार पोरं हवी होती, त्यात चाळिशीतला एक पोरगा म्हणून मीही गेलो. माळ्यावर मच्छरदाणीचे दांडे, फुटका ग्रामोफोन आणि त्यामागे एक लांबट कापडी पिशवी. मला वाटलं पडद्याचे रॉड असतील. आजी म्हणाल्या, "आमच्या मामंजींची मासे धरायची काठी. कॅम्पातला कुणी साहेब विलायतेला परत जाताना देऊन गेला होता. तुला हवी तर ने, नाहीतर उद्या भंगारवाला नेईल."

घरी येऊन उघडली. चार तुकडे: बूड, मधला आणि दोन शेंडे. म्हणजे एक शेंडा जादा. जोडली की साडेनऊ फूट. बांबूच आहे, पण गोल नाही. हात फिरवला की सहा कडा लागतात, षटकोनी पेन्सिलीसारख्या. बोट-बोटभर अंतरावर रेशमाचे बारीक वेढे आहेत, मूळचे लाल असावेत, आता कातासारखे दिसतात. जोड पांढऱ्या धातूचे, मूठ बुचाची. किचनच्या काट्यावर १८० ग्रॅम भरली. नाव-गाव काही नाही. बांबूवर मधेच काळपट डाग आहेत, चपातीवर पडतात तसे.

मी लहानपणापासून दारणेवर तंगूस आणि गळ टाकत आलोय, पण फ्लाय, म्हणजे गळाला पिसांची खोटी माशी बांधून मासा धरायचा, हा प्रकार फक्त व्हिडिओत पाहिलाय. ही नेमकी काय चीज आहे? वापरली तर पाप लागेल का?

तंगूस | रविवार, रात्री १०:०५

पाप नाही लागणार भो, मासा पण नाही लागणार. गांडूळ सोडून कोंबडीचं पीस लावायचं आणि चिलापीने ते खायचं? आमच्या चिलाप्या एवढ्या शिकलेल्या नाहीत.

जुनीकाठी | रविवार, रात्री ११:३०

दारणाकाठ, आधी एक काम करा. ती कोपऱ्यात टेकवून ठेवली असेल तर आत्ता उठा आणि आडवी ठेवा, नाहीतर पिशवीच्या नाडीने खिळ्याला उभी टांगा. टेकवलेला बांबू तसाच वाकडा होऊन बसतो. आणि पिशवी दमट असेल तर आधी उन्हात वाळवा.

आता चीज काय ते सांगतो. माझ्याकडे अशा अकरा आहेत. घरात मी हा आकडा सात सांगितलाय.

हिला चिरलेल्या बांबूची काठी म्हणतात. अख्खा बांबू उभा चिरून सहा कामट्या काढतात. प्रत्येक कामटीला साठ अंशांचा त्रिकोणी छेद देतात आणि सहाही एकत्र चिकटवतात, साल बाहेर आणि गर आत. बांबूची सगळी ताकद सालीलगतच्या धाग्यांत असते, आतला भाग नुसता भरताड. म्हणून रंधा मारायचा तो आतल्या दोन बाजूंना, सालीला हात लावायचा नाही. शेंड्याच्या टोकाला काठीची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर असते. म्हणजे तिथे एकेक कामटी मिलिमीटरभरसुद्धा नाही, आणि तरीही तिचा त्रिकोण शाबूत असतो. तुमच्या शेंड्याचं टोक भिंगाखाली धरा, सहा रेघा दिसतील. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी जेवायला उठलो नव्हतो.

ही विद्या अमेरिकेत वाढली. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावात सॅम्युअल फिलिप नावाचा बंदुका बनवणारा कारागीर होता, त्याने १८४० च्या दशकात सुरुवात केली असं मानतात. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने कामट्या कापायचं यंत्र बसवलं आणि सहा कामट्यांची काठी दुकानात मिळू लागली. इंग्लंडात ॲल्निक गावची हार्डी ब्रदर्स १८७२ ची. त्यांच्या बांबूच्या काठ्या 'पालाकोना' नावाने विकल्या जात. त्यावर मुठीच्या वर नाव लिहिलेलं असतं. तुमच्यावर काहीच नाही म्हणता, तर हार्डीची आशा सोडा.

पण ते बोट-बोटभर अंतरावरचे रेशमी वेढे महत्त्वाचे आहेत. जुने लोक सरसाने चिकटवायचे. सरस ओलाव्याला दगा देतो, म्हणून कामट्या सुटू नयेत यासाठी सगळ्या अंगाला वेढे द्यायचे. पुढे गोंद सुधारले तसे हे मधले वेढे गेले. तेव्हा तुमची काठी बरीच जुनी असू शकते. वेढे काढू नका, पॉलिश पेपर तर अजिबात लावू नका.

भाजल्याच्या डागांवर उद्या लिहितो. फोटो टाका, पेराजवळचे.

दारणाकाठ | सोमवार, सकाळी ७:१५

टांगली. फोटो टाकलेत, तीन पेराचे आणि एक जोडाचा.

जुनीकाठी | सोमवार, रात्री १०:५०

फोटो पाहिले. आता मजा ऐका.

बांबूच्या फ्लाय रॉडचा विषय निघाला की जाणकार 'टोंकिन' म्हणून कान पकडतात. टोंकिन हे व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या मुलखाचं नाव, पण हा बांबू चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला. मॅक्लूर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये त्याला 'अमाबिलिस' हे नाव दिलं, म्हणजे लोभस. सरळसोट वाढतो, पेरं लांब लांब, सालीलगतचे धागे दाट. १९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं. तोवर फायबर ग्लासच्या काठ्यांनी बाजार खाल्ला आणि बांबूवाले बहुतेक बसले.

पण टोंकिनच्या आधी काय होतं? एकोणिसाव्या शतकात विलायतेत आणि अमेरिकेत ज्या बांबूच्या काठ्या बनत, त्या बांबूला 'कलकत्ता केन' म्हणत. आपल्याकडूनच, कलकत्ता बंदरातून जायचा. आणि त्याची खूण म्हणजे हे वेडेवाकडे भाजल्याचे डाग. तो बहुधा डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस असं जाणकार मानतात. आपल्याकडे त्याला मानवेल म्हणतात. पेठ-सुरगाण्याकडून येताना रस्त्याच्या कडेला दिसतो तो, भरीव बुडाचा.

सूपटोपली | सोमवार, रात्री ११:२०

एरवी मी इथे फक्त वाचते, पण मानवेल म्हटल्यावर राहवलं नाही. माझं माहेर बुरुडाचं. जुन्या नाशकात आजोबांनी आयुष्यभर सुपं, डाली, परड्या विणल्या. दारणाकाठ दादा, तुमचे फोटो बाबांना दाखवले. वय ७६. चष्मा लावून दोनदा पाहिले आणि म्हणाले, "पेरं जवळजवळ आहेत आणि फुगीर आहेत, मानवेलाची असतात तशी. पण फोटोवरून बांबू ओळखणारा माणूस लबाड." मग विचारलं, चिरताना पेराजवळ धागा वळतो, त्याचं ह्या लोकांनी काय केलं? ह्याचं उत्तर द्या, ते जेवायचे थांबलेत (खरंच).

जुनीकाठी | सोमवार, रात्री ११:४५

बाबांना माझा नमस्कार सांगा. प्रश्न लाखाचा आहे. पेर तापवून, मऊ झालं की दाबून सरळ करतात. शिवाय सहा कामट्यांची पेरं एका रेषेत येऊ देत नाहीत, पुढेमागे सरकवतात. नाहीतर सगळी कमजोरी एकाच जागी. काठी हळूहळू फिरवून पाहिली की ती पेरं जिन्यासारखी चढत गेलेली दिसतात.

सूपटोपली | मंगळवार, सकाळी ८:०२

बाबा म्हणाले, "मग शहाणे आहेत." आणि जेवले.

त्यांनी आणखी एक विचारायला सांगितलंय: बांबू तोडला कधी? आमच्याकडे अंधाऱ्या पंधरवड्यात, दिवाळीनंतर. कोवळा आणि रसाचा बांबू तोडला की वर्षभरात भुंगा लागतो, भोकाखाली पिठासारखी पूड पडते. पिशवी झटकून बघा दादा.

दारणाकाठ | मंगळवार, रात्री ९:१०

झटकली. पूड नाही. एक मेलेलं झुरळ निघालं, तेही बहुधा ब्रिटिशकालीन.

पण मंडळी, एक वाईट बातमी आहे. काल रात्री हौसेने हॉलमध्ये अख्खी काठी जोडली. साडेनऊ फूट काठी आणि अंबडचा दोन खोल्यांचा फ्लॅट. बायको म्हणाली, पंखा बंद कर. मी म्हटलं, लक्ष आहे माझं. टक्क असा आवाज झाला. शेंड्याचा चार इंच तुकडा टीव्हीच्या मागे सापडला. शंभर वर्षं टिकली आणि माझ्याकडे दोन दिवस. दुसरा शेंडा शाबूत आहे. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

तंगूस | मंगळवार, रात्री ९:१४

पंख्याला चिलापी लागली का?

पहाडी_नाशिककर | मंगळवार, रात्री १०:००

वाईट वाटलं. पण बहुतेक बांबूच्या काठ्या मासा ओढताना मोडत नाहीत. मोडतात त्या गाडीच्या दारात आणि पंख्यात. मी हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट माशासाठी जातो (मत्स्य खात्याचा परवाना काढून; नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे बंदी असते). तिथे टॅक्सीच्या डिकीत माझीही एक गेली.

जोड काढताना पिरगाळू नका. अडकला तर काठी गुडघ्यांच्या मागून आडवी घ्या, दोन्ही हातांनी धरा आणि गुडघे बाहेर ढकला. चांगला जोड सुटताना बाटलीचं बूच निघाल्यासारखा पॉक वाजतो.

कामटी_येवला | बुधवार, दुपारी २:३०

राम राम. आमचा धंदा पतंगाचा. संक्रांत झाली की वेळच वेळ. कमान आणि उभी कामटी ह्यातच हात घासलेत, पण दोन मिलिमीटरच्या टोकात सहा कामट्या म्हटल्यावर झोप उडाली. कमानीची कामटी आम्ही सालीकडून जाड ठेवतो आणि टोकांकडे तासत नेतो, दोन्ही बाजू सारख्या लवल्या पाहिजेत. बोटावर तोलून बघतो, मोजपट्टी लागत नाही. दारणाकाठ भाऊ, मोडका शेंडा पाठवून द्या. करून बघतो. बिघडला तर मोडलेलाच होता.

जुनीकाठी | बुधवार, रात्री १०:२०

येवलेकर, तुमचा हात चांगला असणार यात शंका नाही, पण इथे बोटावरचा तोल पुरणार नाही. या काठीचा जीव तिच्या निमुळतेपणात आहे. दर पाच इंचांवर जाडी मोजतात, तीही इंचाच्या हजाराव्या भागात. पोलादाच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवून मधे साठ अंशांची खाच करतात, ती खाच एका टोकाकडे उथळ होत जाते. कामटी त्या खाचेत ठेवून रंधा पट्ट्यांना टेकेपर्यंत मारायचा. पाच-सात हजारांशाचा फरक पडला तरी काठीची चाल बदलते.

आणि मूळ शेंडा शक्यतो जोडूनच घ्यावा. तिरपा छेद देऊन कलम करतात तसा सांधा, वर रेशमाचा वेढा. इंचभर लांबी जाईल, पण काठी मूळची राहील. मी माझ्या अकरांपैकी एकीलाही नवा भाग लावलेला नाही.

कामटी_येवला | बुधवार, रात्री १०:४१

काका, अकरांपैकी किती पाण्यावर जातात?

जुनीकाठी | गुरुवार, सकाळी ६:३०

दोन.

(खरं सांगायचं तर एक. दुसरी नेतो, पण जोडत नाही.)

दारणाकाठ | गुरुवार, रात्री ९:००

शेंडा उद्या पार्सलने येवल्याला. काका, रागावू नका. कलम करायचंच झालं तर येवलेकरच करतील, आणि जमला तर मानवेलाचा नवा शेंडाही. दोन्ही होऊ देत.

दरम्यान सराफ बाजारात एका कारागिराला जोड दाखवला. जर्मन सिल्व्हर आहे म्हणाला. एक जोड ढिला होऊन फिरत होता. आतला जुना मसाला लाखेचा असावा, वाळून भुगा झालेला. त्याने साफ करून गरम लाखेवर पुन्हा बसवला आणि घासायला घेणार, तेवढ्यात मी हात धरला. दागिन्यासारखा चकचकीत करून देणार होता. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, मासा लागला तर सांगा.

आता टाकायची कशी? साध्या गळाला शिसं असतं, त्या वजनाने तंगूस जातो. इथे माशीला वजनच नाही.

पहाडी_नाशिककर | गुरुवार, रात्री १०:१५

इथे वजन दोरीला असतं. फ्लायची दोरी जाड, लेपाची. तुम्ही माशी फेकत नाही, दोरी फेकता. माशी शेपटासारखी मागून जाते. काठी मागे न्यायची, दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे. नवशिक्याचं नव्वद टक्के चुकतं ते इथेच, थांबत नाही. बांबू तर कार्बनच्या काठीपेक्षा संथ असतो. कार्बनवाला 'एक' म्हणतो तेवढ्यात बांबूवाल्याने 'एक-आणि-दोन' म्हणायचं. सहा नंबरची दोरी लावून बघा. पूर्वी रेशमी दोऱ्यांना आकडे नसत, अक्षरं असत. तेव्हाची एचडीएच म्हणजे आजची साधारण सहा.

सरावाला पाणी लागत नाही. गवतावर, टोकाला लोकरीचा तुकडा बांधून. गळ लावून सराव करू नका, कान जातो.

दारणाकाठ | रविवार, सकाळी ९:३०

आज पहाटे कान्हेरे मैदानावर गेलो (आमच्यासाठी ते अजून गोल्फ क्लबच). पिवळी दोरी, लाल लोकर. पहिल्या दहा मिनिटांत दोरी तीनदा माझ्याच गळ्यात पडली. फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी दोन फेऱ्या नुसतं पाहिलं. तिसऱ्या फेरीला थांबले: "पतंग नाही, मासा नाही, मग हे काय चाललंय?" सांगितलं. मग ते मोठ्याने मोजायला लागले. मी काठी मागे नेली की "एक... आणि... दोन!" त्यांच्या मोजण्यावर दोरी पहिल्यांदा सरळ गेली. काठी बुडापासून वाकते आणि हातात काहीतरी भरून येतं, मग सुटतं. हे व्हिडिओत दिसत नाही.

तंगूस | रविवार, सकाळी ९:५५

लोकरीला काही लागलं का?

सूपटोपली | रविवार, दुपारी १२:१०

माश्या कशाच्या बांधताय? विकतच्या महाग असतील ना?

दारणाकाठ | रविवार, दुपारी १:३०

ताई, घरीच. गावठी कोंबड्याची मानेची पिसं भद्रकालीतल्या कोंबडीवाल्याने फुकट दिली (आधी विचारलं, काय करणी करायचीय का). बारीक तांब्याची तार जळक्या मोटारीच्या वाइंडिंगची. गळ १२ नंबरचा.

जुनीकाठी | रविवार, दुपारी ३:००

जुन्या इंग्रजी माश्यांच्या नमुन्यांत राखाडी रानकोंबड्याचं मानेचं पीस असतं, मेणाच्या थेंबासारख्या ठिपक्यांचं. तो पक्षी आपल्या सह्याद्रीतला. कुणी आणून देतो म्हणाला तर घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. गावठी कोंबडा झकास.

आणि कुठे बसणार ते आधी ठरवा. धरणांची मासेमारी ठेक्याने मच्छिमार संस्थांकडे असते. संस्थेच्या माणसाला भेटा, सांगा, मग बसा. नांदूर मध्यमेश्वरचा विचारही नको, अभयारण्य आहे.

दारणाकाठ | पुढचा रविवार, रात्री ८:२०

वृत्तांत.

संस्थेच्या दादांना भेटलो. काठी हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न केला, "ही मोडत नाही का?" मी पंख्याचं सांगितलं नाही. म्हणाले, बसा, पण जाळ्यांच्या बाजूला नको.

पाणी उतरलेलं, काठावर चिखलात परातीएवढे खळगे दिसत होते. चिलापीच्या नराने उकरलेले. तो त्यात ठाण मांडून बसतो आणि जवळ येईल त्याच्या अंगावर जातो. (ही चिलापी मूळची आफ्रिकेतली, आपल्या देशात १९५२ मध्ये आणली. तंगूसराव, तुमच्या चिलाप्यासुद्धा परदेशी निघाल्या.) मागे वेडी बाभूळ, तिने तीन माश्या खाल्ल्या. अडकली की काठीने ओढायचं नाही, काठी सरळ रेषेत धरून दोरी हाताने ओढायची, हे पहाडींनी बजावलं होतं म्हणून शेंडा वाचला.

साडेआठच्या सुमारास खळग्याच्या पलीकडे माशी पडली, हळूहळू बुडाली. दोरीचं टोक एवढंसं थांबलं. काठी उचलली. पावकिलोचा नर, काळा, कल्ल्याखाली पांढुरका. पावकिलोच हो, पण काठी मुठीपर्यंत वाकली. कार्बनच्या काठीवर एवढा मासा नुसता उचलून काठावर टाकला असता. इथे त्याचा प्रत्येक झटका बुचातून तळहातात येत होता. ओल्या हाताने गळ काढला आणि सोडला. संस्थेचे दादा मागे उभे होते. "सोडायचाच होता तर धरला कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. दुसरा लागला तो त्यांना दिला.

सराफ बाजारातही कळवलंय.

तंगूस | रविवार, रात्री ८:३१

फोटो नाही तर मासा नाही.

(पुढच्या रविवारी जागा असेल तर येतो. गांडुळं आणणार नाही.)

कामटी_येवला | तीन आठवड्यांनी, सोमवार, दुपारी ४:००

उशीर झाला, माफी. पाच शेंडे वाया गेले. पहिले दोन बोटाच्या तोलावर केले. काका बरोबर होते, लवचिक झाले पण एकीकडे कलतात. मग लेथवाल्याकडून पोलादी पट्ट्यांत खाच काढून घेतली. तिसऱ्याला पेरं एका रेषेत आली, तिथेच मोडला. चौथ्याला कामट्या सरसाने जोडल्या, हट्ट म्हणून. चार दिवस पाऊस झाला आणि शेवटी एक कामटी उमलली. पाचव्याला इपॉक्सी, पण वेढा आवळताना पीळ बसला. सहावा जमला. सूपटोपली ताईंच्या बाबांनी पाठवलेल्या मानवेलाचा आहे, तीन वर्षं वाळलेला. टोकाला २.१ मिलिमीटर, ०.१ जास्त आहे, राहू दे. वेढ्यांना रेशीम शेजारच्या पैठणीवाल्याकडचं, लाल. वॉर्निश लावलं की थोडं गडद होईल.

मोडका शेंडाही कलम करून पाठवतोय. तो पाऊण इंच आखूड झालाय.

जुनीकाठी | सोमवार, रात्री १०:१०

येवलेकर, सहाव्याची दर पाच इंचांची मापं लिहून ठेवलीत का? माझ्याकडे एक काठी आहे, शेंडा नसलेली. बावीस वर्षं पिशवीत आहे. शनिवारी घेऊन येऊ का?

कामटी_येवला | सोमवार, रात्री १०:१२

या. बूड आणि मधला तुकडा दोन्ही आणा. जोडून बघितल्याशिवाय शेंडा करणार नाही.